बाबा कोणाचे?

डिसेंबर लागला की मराठी वाहिन्यांवर आणि मोबाइलवर बाबा वेंगा अवतरतात. येत्या वर्षी अमुक देशात युद्ध, तमुक समुद्रात प्रलय, सोन्याचे भाव गगनाला. आमच्या सोसायटीच्या बाकावर बसणारे एक आजोबा ही भाकितं मन लावून वाचतात. एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, "हे बाबा मूळचे कुठले हो? आणि दर वेळी त्यांच्या जागी त्या बाईचाच फोटो का छापतात? शिष्या आहे का ती त्यांची?"

फोटोतली ती डोक्याला रुमाल बांधलेली, मिटल्या डोळ्यांची बाई म्हणजेच बाबा वेंगा. आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्त्रुमित्सा गावी १९११ साली ती जन्मली, लहानपणीच तिची दृष्टी गेली, पुढचं आयुष्य बल्गेरियातल्या पेत्रिच परिसरात गेलं आणि १९९६ साली ती वारली. नाव वांगेलिया, घरगुती रूप वांगा. राहता राहिला 'बाबा'. बल्गेरियन भाषेत बाबा म्हणजे आजी. बातमी मराठीत आणणाऱ्यांनी नाव जसंच्या तसं ठेवलं आणि वांगाआजीचे वेंगाबाबा झाले. 'वांगाआजींचं भाकीत' असा मथळा दिला असता तर निम्मा दरारा तिथेच ओसरला असता. आजीचं भाकीत कोण ऐकतं? आपल्याकडे प्रमाण मानलं जातं ते बाबावाक्य.

आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तिथली माणसं आजीला बाबा म्हणतात? मग बापाला काय म्हणतात?" बल्गेरियन मूल बापाला 'तात्को' म्हणतं. हे ऐकून ते आणखी विचारात पडले, कारण त्यांना स्वतःला घरात सगळे तात्या म्हणतात.

स्लाव्ह भाषांच्या मोठ्या पट्ट्यात बाबा ही बाईच आहे. बल्गेरियनमध्ये आजी, सर्बियनमध्ये आजी किंवा म्हातारी. पोलिश आणि रशियनमध्ये खेडवळ बाई, थोडी हेटाळणीची छटा घेऊन, जशी आपल्याकडे 'बाया' म्हणताना येते. रशियनमधली 'बाबुश्का' हे याच शब्दाचं लाडकं रूप. बल्गेरियात १ मार्चला 'बाबा मार्ता' येते. ही मार्च महिन्याची आजी, लहरी स्वभावाची, हसली तर ऊन आणि रुसली तर बर्फ. तिला खूश ठेवायला लोक मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात, आपल्या राखीच्या दोऱ्यासारखा, आणि करकोचा किंवा मोहरलेलं झाड दिसेपर्यंत तो काढत नाहीत. जुन्या खेड्यांत सुईणीलाही बाबाच म्हणत. जानेवारीत तिच्या नावाचा 'बाबिन्देन' साजरा होतो. ज्यांची बाळंतपणं तिने केली, त्या बायका त्या दिवशी तिच्या हातावर पाणी घालतात.

रशियन मुलांना घाबरवायला 'बाबा यागा' आहे. तिची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते आणि ती स्वतः उखळात बसून, मुसळाने वल्हवत हवेतून जाते. आपल्याकडे या कामावर बागुलबुवाची नेमणूक झाली. भाषा वेगळ्या, घाबरवणाऱ्याचं लिंगही वेगळं, पण नाव सांगायला दोन्हीकडे ओठ मिटून उघडावे लागतात.

दक्षिण रशिया आणि युक्रेनच्या गवताळ मैदानांत जुने दगडी पुतळे उभे आहेत. त्यांतले बरेचसे तुर्की वंशाच्या भटक्या टोळ्यांनी मध्ययुगात उभारले. रशियन लोक त्यांना 'कामेन्नाया बाबा', म्हणजे दगडी बाई, म्हणतात. आता त्यांतले कित्येक पुतळे बायकांचे नाहीतच. काहींना मिशा आहेत, काहींच्या कमरेला शस्त्र आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की तुर्की भाषांतल्या 'बाबा'चा अर्थ बाप किंवा पूर्वज. तो शब्द स्लाव्ह कानांवर पडला आणि त्यांनी त्यात आपली आजी ऐकली. तसं असेल तर आमच्या सोसायटीत झाला त्याच्या नेमका उलटा घोटाळा त्या माळरानावर कित्येक शतकं आधी होऊन गेला.

आता या शब्दाला घेऊन जगभर फिरलं तर काय दिसतं? तुर्की, फारसी आणि बोली अरबीत बाबा म्हणजे बाप. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत बाप, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबात बाप, चिनीत बाप. इटलीच्या तोस्कानात बाप 'बाब्बो' होतो आणि नाताळचा म्हातारा 'बाब्बो नाताले'. जपानीत बाबा म्हणजे म्हातारी. तिथे पत्त्यांच्या एका खेळात ज्याच्या हाती शेवटी जोकर उरतो तो हरतो, आणि त्या जोकरला म्हणतात बाबा. हंगेरियनमध्ये बाबा म्हणजे तान्हं मूल किंवा बाहुली. स्पॅनिशमध्ये बाबा म्हणजे लाळ. स्पॅनिश माणसाची 'बाबा गळते' तेव्हा तो बहुधा आपल्या लेकराकडे किंवा नातवाकडे कौतुकाने पाहत असतो. मराठीत लाळ गळायला समोर काही लुबाडण्यासारखं असावं लागतं.

स्वाहिलीपाशी मराठी माणूस जरा अडखळेल. त्या भाषेत बाबा बाप आणि मामा आई, इथवर ठीक. पण 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. टांझानियात कोणी 'ही माझी दादा' म्हणून ओळख करून दिली तर दचकू नये. आजोबांना ते 'बाबू' म्हणतात. देशाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना तिथे 'बाबा वा तैफा' म्हणतात, राष्ट्रपिता. त्यातला तैफा अरबीतून आलेला, बाबा घरचा.

योरुबाची गंमत सुरांत आहे. पहिला सूर खाली आणि दुसरा वर ठेवला तर बाप. दोन्ही खाली ठेवले तर 'ओका बाबा' या धान्याच्या नावातला बाबा होतो, आणि ते धान्य म्हणजे आपली ज्वारी. आजोबा वारल्यावर घरात मुलगा जन्मला तर त्याचं नाव ठेवतात बाबातुंडे, बाप परत आला. नातवाला आजोबांचं नाव देण्याची आपली रीत याच जातीची. फक्त आपल्याकडे एक अडचण उभी राहायची. सून सासऱ्याचं नाव घेणार कसं? मग पाळण्यातल्या त्या पोराला ती आबा म्हणायची, नाना म्हणायची, बाबा म्हणायची. कागदोपत्री आजोबांचं नाव, हाकेला बाबा. अशा कित्येक बाबांना म्हातारपणी आपलं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर भेटलं.

एवढी यादी ऐकली की आपल्या माणसांचे दोन तट पडतात. एका तटाला लगेच उमगतं की मूळ शब्द आपलाच, तो इथून सगळीकडे गेला. मोबाइलवर फिरणाऱ्या अशा याद्यांना पुरावा लागत नाही, दोन शब्द सारखे दिसले की पुरे. दुसरा तट म्हणतो, योगायोग हो, सोडून द्या. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. पहिलं जास्त, कारण ते अभिमानाच्या वेषात येतं.

दोन भाषांतले शब्द नात्यातले आहेत हे ठरवायला दिसणं उपयोगी पडत नाही, नियम लागतो. संस्कृत 'पितृ' आणि इंग्रजी 'फादर' एका कुळातले, कारण तिथला प आणि इथला फ ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. पाद आणि फूट. पूर्ण आणि फुल. एका जोडीला योगायोग म्हणता येईल, पंक्तीला नाही. या नियमाचा चमत्कारिक परिणाम असा, की खरे भाऊबंद पुष्कळदा एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि हुबेहूब दिसणारे परके निघतात.

आपल्याच तोंडातला 'बाब' घ्या. ही बाब गंभीर आहे, असं आपण म्हणतो. एखाद्या गोष्टीबाबत बोलतो. मराठेशाहीच्या महसुलात चौथाईचा चौथा हिस्सा छत्रपतींचा असे, त्याला 'बाबती' म्हणत. हा सगळा गोतावळा अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत बाब म्हणजे दार. दारावरून पुस्तकाचं प्रकरण, प्रकरणावरून मुद्दा, मुद्द्यावरून हिशेबाचं कलम. मुंबईहून सुएझकडे जाणारं जहाज येमेनजवळ ज्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातं ती बाब-अल-मंदब, शोकाचं दार. अरबीची प्राचीन नातलग अक्कडियन भाषा. तीतही दाराला 'बाबु' म्हणत, आणि त्या भाषेत बॅबिलोनचं नाव 'बाब-इली' असं लिहीत, देवाचं दार. म्हणजे बॅबिलोन आणि आपली बाबती ही खरी चुलत भावंडं आहेत, आणि 'बाबांची बाब' या दोन शब्दांत मात्र रक्ताचा थेंबही सामाईक नाही.

टोकियोत रेल्वेच्या वर्तुळमार्गावर ताकादानोबाबा नावाचं स्टेशन आहे. तिथे ना बाप आहे ना म्हातारी. शोगुनच्या लोकांसाठी १६३६ साली तिथे घोडेस्वारीचं मैदान केलं होतं. त्या जोडशब्दातला पहिला 'बा' म्हणजे घोडा आणि दुसरा 'बा' म्हणजे जागा. हेच आडनावही आहे. जपानचा जायंट बाबा नावाचा कुस्तीगीर सुमारे २ मीटर ९ सेंटिमीटर उंच होता, आणि तो बाबा होता तो घोड्यांच्या मैदानाचा. याला निव्वळ योगायोग म्हणावं.

पण तुर्की, चिनी, स्वाहिली, मराठी, या एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या कुळांत बापाच्याच जागी बाबा सापडावा, हे निव्वळ योगायोगाच्या पलीकडचं आहे. आणि एका कुळाचं म्हणावं तर एकाच भारत-युरोपीय कुळात एकीकडे तो आजी आणि दुसरीकडे बाप कसा झाला? उत्तर शोधायला पोथ्या सोडून पाळण्यापाशी जावं लागतं.

पाळण्यापाशी सर्वांत आधी गेला तो इजिप्तचा राजा साम्मेतिकस, निदान हिरोडोटस तसं सांगतो. जगातली सर्वांत जुनी भाषा कोणती हे ठरवायला त्याने दोन तान्ही मुलं एका मेंढपाळाकडे दिली आणि त्यांच्यासमोर कोणी अवाक्षर काढायचं नाही अशी ताकीद दिली. दोन वर्षांनी मेंढपाळ दार उघडून आत गेला तर मुलं हात पसरून 'बेकोस' म्हणू लागली. राजाने चौकशी केली. फ्रिजियन भाषेत बेकोस म्हणजे भाकरी. झालं, फ्रिजियन भाषा सर्वांत जुनी ठरली. ती मुलं बकऱ्यांच्या दुधावर वाढली होती आणि शेळीचं बें-बें एवढंच त्यांच्या कानांवर पडत होतं, हा आक्षेप पुढच्यांनी घेतला. गोष्ट खरी असो वा नसो, राजाची चूक अस्सल आहे. मुलाच्या तोंडून आवाज निघाला आणि मोठ्यांनी त्यात शब्द ऐकला. प्रत्येक घरात ती अजून रोज होते.

१९५९ साली अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतले आई आणि बाप यांचे शब्द गोळा केले. आईचे ५३१, बापाचे ५४१. त्यांच्यावरून रोमान याकोबसन या मूळ रशियन भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली एक निबंध लिहिला. प्रश्न साधा, मामा आणि पापा हेच का? मर्डॉकच्या यादीत आईच्या ५५ टक्के शब्दांत म, न यांसारखी अनुनासिकं होती आणि बापाच्या शब्दांत फक्त १५ टक्के. याकोबसनचं स्पष्टीकरण असं. मूल दूध पिताना तोंड गुंतलेलं असतं, आवाज काढायला नाक तेवढं मोकळं. त्या वेळी जी हुंहुं निघते ती म-म. पुढे भूक लागली की मूल तेच म-म करतं, आणि हाकेला धावून येते ती आई. तिने हा आवाज आपल्या नावावर करून घेतला.

ब-ब आणि प-प यांना भूक लागत नाही. सहा-सात महिन्यांच्या सुमाराला मूल नुसता जबडा उघडमीट करू लागतं आणि घशातून आवाज सोडतं. ओठ मिटले की ब, उघडले की आ. जिभेला वेगळं काही करावं लागत नाही. जगातलं कुठलंही बाळ हे करतं, त्याचा बाप पुण्यात असो की तिबिलिसीत. बाळाच्या मनात तेव्हा कोणीच नसतं. ते आपलं नवं यंत्र चालवून पाहत असतं. शेजारी उभा असलेला माणूस मात्र भारावून म्हणतो, मला हाक मारली.

हा शेजारी उभा असलेला माणूस कोण, यावर शब्दाचा अर्थ ठरला. म आईने घेतल्यावर बहुतेक भाषांत ब किंवा प बापाकडे गेला. स्लाव्ह घरांत बापाने त-त घेतला, तात्को, तातो असा. मग उरलेला ब-ब आजीला मिळाला. आई शेतावर गेल्यावर मुलापाशी आजीच बसत असणार, तेव्हा तिचा हक्क बापापेक्षा थोडा जास्तच म्हणायचा. हा माझा तर्क, पण गावाकडच्या कुठल्याही आजीला तो पटेल. हंगेरियनांनी आवाज काढणाऱ्यालाच त्याचा आवाज परत दिला, बाबा म्हणजे बाळ. इंग्रजीतली बेबी तशीच झाली. स्पॅनिश लोकांनी आवाजाबरोबर हनुवटीवरून जे ओघळत होतं त्याला नाव दिलं.

याकोबसनच्या नियमाला धडक देणारी भाषा म्हणजे जॉर्जियन. तिथे 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. जॉर्जियन मुलांच्या पिढ्या ज्या बालपुस्तकावर वाढल्या, ते याकोब गोगेबाश्विली यांचं १८७६चं 'देदा एना', म्हणजे आईभाषा. ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी प्रदेशातल्या पित्यन्त्यत्यारा भाषेतही मामा बापच आहे. आपण तर मामाला आईच्या माहेरी बसवलं आहे, म्हणजे म आईच्याच बाजूला राहिला. याकोबसन खूश झाला असता.

आणखी एक कोडं राहतं. हजारो वर्षांत भाषांचे उच्चार इतके झिजतात, तर हे पाळण्यातले शब्दच ताजेतवाने कसे राहिले? खरं तर तेही झिजले, आणि त्याचा उत्तम पुरावा जपानमध्ये आहे.

आजच्या जपानीत आईला 'हाहा' म्हणतात. १५१६च्या एका कोड्यांच्या संग्रहात, जो पुढे सम्राट झालेल्या गो-नारा याच्या नावावर आहे, एक कोडं येतं. त्याचा आशय असा, की आईपाशी दोनदा भेट होते पण बापाशी एकदाही नाही. उत्तर आहे, ओठ. आज 'हाहा' म्हणून पाहा, ओठ एकदाही जवळ येत नाहीत. मग कोडं सुटतं कसं? कारण त्या काळी आईचा उच्चार होता 'फाफा', दोन वेळा ओठ एकमेकांकडे झुकणारा. बाप 'चिची', त्यात ओठांचं काम नाही. येशूसंघी पाद्र्यांनी १६०३ साली नागासाकीत सुमारे ३२ हजार शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्यातही आजच्या 'ह'च्या जागी सर्वत्र 'फ' आहे. (पाद्र्यांचा हा छापखाना युरोपातून जपानला जाताना गोव्यात थांबला होता आणि तिथे १५८८ साली त्यावर एक भाषणपुस्तिकाही छापली गेली.) त्याच्याही मागे गेलं तर हा फ मूळचा प होता. म्हणजे प्राचीन जपानी मूल आईला 'पापा' म्हणत होतं. प झिजून फ झाला, फ झिजून ह झाला, आणि आधुनिक काळात जपानी माणसाने युरोपातून पुन्हा 'पापा' आणला, तो बापासाठी.

चिनी लोकांनी तीच गोष्ट घरच्या घरी केली. बापासाठी त्यांचा जुना शब्द आज 'फू' असा उच्चारतात. प्राचीन काळी तो 'बा'च्या जवळपास होता, असं जुने उच्चार पुन्हा बांधणाऱ्या अभ्यासकांचं मत आहे. बोलीतला ब सरकत सरकत फ झाला, पण पाळण्यातल्या मुलांना ही बातमी कोणी कळवली नाही. ती आपली बा-बा करतच राहिली. शेवटी या बा साठी वेगळं अक्षर करावं लागलं. त्यात वर बापाची जुनी खूण आणि खाली 'बा' हा आवाज दाखवणारी खूण. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या 'ग्वांगया' या कोशात ते सापडतं. एकच बाप दोन वेळा लिहावा लागला, एकदा व्याकरणाने आणि एकदा बाळाने सांगितला तसा.

म्हणून 'बाबा हा शब्द किती जुना' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. तो जुना आहेच, आणि आज सकाळीही कुठेतरी नव्याने तयार झाला आहे.

मराठी घरात हा आवाज किती जणांनी वाटून घेतला ते पाहण्यासारखं आहे. 'बाप' आला प्राकृतातल्या 'बप्प'वरून. सौराष्ट्रातल्या वलभीचे मैत्रक राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला बप्पाच्या चरणांचं ध्यान करणारे म्हणवतात. तिकडून आपला बाप्पाही आलेला, जो भाद्रपदात घरी येतो. बापू, आबा, अप्पा ही आसपासची मंडळी. बाबा या रूपाला फारसी-तुर्कीचं पाठबळ मिळालं, सूफी संतांच्या नावांपुढे तो शब्द देशभर हिंडत होताच. पण इथल्या मुलाला तो शिकायला फारसीची गरज नव्हती. दाराबाहेरून तोच शब्द आला आणि घरातूनही तोच आला. अशा वेळी मूळ कोणाचं म्हणून भांडणं व्यर्थ आहे.

गोव्यात 'बाब' हा आदराचा शब्द, नावाच्या आगेमागे लागणारा. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६) यांनी शणै गोंयबाब हे टोपणनाव घेतलं, त्यातला बाब हाच. आणि तिथेच लहान पोरालाही लाडाने बाबा म्हणतात. आपल्याकडे बाबा हे चक्क व्यक्तीचं नावही झालं. १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पद्मनजी आठवा. पुढे संत बाबा, समाजसेवक बाबा, भोंदूबाबा अशी रांगच लागली. या शेवटच्यांच्या मागे आजही पुरेशी गर्दी असते.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती उलटी हाक. 'नको रे बाबा', असं आई चार वर्षांच्या मुलाला म्हणते. 'ऐक ना बाबा माझं.' ज्यात मुलाला फिरवायचं ती बाबागाडी, बापाला फिरवायची नव्हे. साहेबाच्या मुलांना घरातले नोकर बाबा म्हणत, ते इंग्रजांनी उचललं आणि १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात नोंदवलं. अरबी घरांत तर हा रिवाजच आहे. बाप मुलाला हाक मारतो 'या बाबा', आई मुलाला म्हणते 'या मामा'. स्वतःचंच नातं लेकराच्या हाती परत द्यायचं. रुसलेल्या माणसाला आपण 'बाबापुता' करून समजावतो, त्या शब्दात तर बाप आणि पूत दोघे एकाच श्वासात आले आहेत. मुलाकडून घेतलेला आवाज मोठी माणसं अशी व्याजासकट फेडतात.

केकचा एक बाबाही आहे, त्याला विसरून चालणार नाही. पोलंडमध्ये घेरदार साच्यात भाजलेल्या उंच केकला 'बाबा' म्हणतात, म्हातारीच्या घागऱ्यासारखा दिसतो म्हणून. पोलंडचं राज्य गमावलेला राजा स्तानिस्लाव लेश्चिन्स्की फ्रान्सच्या लोरेन प्रांतात येऊन राहिला. तिथे या केकला मद्यात भिजवण्याची टूम निघाली, आणि पुढे तो नेपल्सच्या गल्ल्यांत पोहोचला. राजाने त्याचं नाव अलीबाबावरून ठेवलं, अशी कथा फ्रेंच लोक रंगवून सांगतात. केकला पोलिश म्हातारीपेक्षा चाळीस चोरांच्या गोष्टीतला नायक बरा वाटला असेल. मी मात्र म्हातारीच्या बाजूने आहे.

आमच्या बाकावरच्या आजोबांना हे सगळं सांगून झालं तेव्हा त्यांची नात कडेवर होती, आठ महिन्यांची. ती बा-बा-बा करत होती. आजोबा म्हणाले, "मलाच हाक मारतेय, बघा." तुमच्या घरी त्या वयाचं मूल असेल तर एक करा. ते पहिल्यांदा 'बाबा' म्हणेल तेव्हा कोण आनंदाने ओरडलं ते लिहून ठेवाच, पण मूल त्या वेळी कोणाकडे पाहत होतं तेही लिहून ठेवा. आमच्याकडची पंख्याकडे पाहत होती.